झांज वाजतीय का रं, दिल्या?

यासीन,

तुला माती दिल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी मी सवयीनं सातारच्या स्टँडवर गेलो आणि सांगलीच्या गाडीत बसलो. कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी म्हणालो, "सांगली." तिकीट घड्याळाच्या पट्ट्याखाली खोचलं, डोकं खिडकीला टेकलं, आणि कराड मागं पडल्यावर माझ्या ध्यानात आलं की आज तू असणार नाहीस. उतरावंसं वाटलं. पण उतरून जाणार कुठं? घरी जावं तर बायको, सुनंदा, दवाखान्याच्या ड्यूटीवर. पोवई नाक्याच्या माझ्या खोलीत नुसता कॉम्प्युटर. तसाच बसून राहिलो.

खणभागात तुझ्या दारात उभा राहिलो तेव्हा तुझ्या अम्मीनं दार उघडलं. आणि बाजूला झाली. भाभी तू गेल्यानंतरच्या इद्दतीत, परपुरुषासमोर यायचं नाही, म्हणून पडद्याआडून बोलल्या. "वाटलंच मला, भाऊजी येणार. आज रविवार हाय."

मी म्हटलं, "भाभी, मी चुकून आलोय."

"चुकून आलासा तरी च्या पिऊन जावा."

चहा अम्मीनं आणून ठेवला.  मग भाभी म्हणाल्या, "तुमी त्यांच्याबद्दल कायतरी लिहा. कानाचं बी लिहा."

 तू मला शपथ घातली होतीस, कुणाला सांगायचं नाही म्हणून.

"आता काय लपवायचंय?" त्या म्हणाल्या. "मेलेल्या माणसाला सोडून गिऱ्हाईक कुठं जातंय?"

म्हणून लिहितोय. रागवायचं असेल तर त्यांच्यावर रागव.

*

आपण सांगलीच्या आयटीआयमध्ये भेटलो तेव्हा मी वडूजहून एक पत्र्याची ट्रंक आणि बाबांनी दिलेलं जुनं सोल्डरिंग आयर्न घेऊन आलो होतो. रेडिओ-टीव्हीच्या वर्गात तू माझ्या शेजारी बसलास. बसलास म्हणजे बाकावरची माझी पिशवी उचलून खाली ठेवलीस आणि म्हणालास, "सरक रं गड्या." दुपारी तू डबा उघडलास, माझ्यासमोर सारलास, आणि मी हात आखडता घेतला. मी कुठल्या वस्तीतला, हे सांगायच्या आधीच कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही, ही मला लागलेली सवय. तू विचारलंस, "तिखट खात न्हाईस व्हय?" बस. तुझ्या डोक्यात दुसरी शंकाच आली नाही. ह्या एका प्रश्नासाठी मी तुला आयुष्यभर धरून राहिलो, हे तुला कधी सांगितलं नाही.

तुझे अब्बा पिंजारी. अंगणात कापूस पिंजायची धनुकली दिवसभर तुंग तुंग वाजायची आणि तू म्हणायचास, हा माझा पहिला तानपुरा. शिकता शिकता तू लाऊडस्पीकरचा धंदा करायचास. जत्रा, लग्नं, तमाशाचे तंबू. कर्ण्याच्या तोंडाशी बसून जेवायचास, तिथंच झोपायचास. मी म्हणायचो, "जरा लांब बस की." तू म्हणायचास, "लांब बसलो तर बिघाड कसा कळंल?" तेव्हा आपण विशीत होतो. कान ही झिजणारी वस्तू आहे हे कुणाला माहीत होतं?

मग मुंबईतल्या एका मोठ्या स्टुडिओनं काढून टाकलेला मिक्सर आपण आणला. सोळा चॅनेलचा. गव्हाच्या पोत्यांवर टाकून ट्रकनं आला. अम्मीला तू आधीच सांगून ठेवलं होतंस, "मिक्सर आणतोय," आणि ती बिचारी वाटणाचा मिक्सर समजून आनंदात होती. चौघांनी तो पलंगाएवढा ऐवज आत आणला तेव्हा ती म्हणाली, "यात काय उंट वाटणार हाय का?"

अब्बांनी भिंतींना कापसाच्या गाद्या ठोकल्या. असा स्टुडिओ जिल्ह्यात दुसरा नव्हता. बाहेर टांगा गेला तरी आत कळत नसे.

त्या मिक्सरवर आपण पहिल्यांदा कुणाला रेकॉर्ड केलं, आठवतं? माझ्या बाबांना. लग्नाच्या बँडमध्ये हयात घालवलेला माणूस. कायम कुणाच्या तरी वरातीपुढं उभं राहून क्लॅरिनेट वाजवलेली. खुर्चीवर बसून वाजवायला सांगितलं तर लाजले. तू माइक त्यांच्यापासून लांब ठेवलास, मिक्सरवरच्या दोन खुंट्या थोड्या फिरवल्यास आणि म्हणालास, "दादा, तुमी वाजवा, आमी हितं न्हाईच असं समजा." नंतर टेप मागं घेऊन ऐकवली. बाबा मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर एवढंच म्हणाले, "ह्यात माझा दम ऐकू येतोय." चाळीस वर्षं ढोल-ताशात हरवलेला त्यांचा श्वास तू त्यांना ऐकवलास. त्या वर्षाच्या शेवटी ते गेले. ती टेप माझ्याकडं आहे. तुझ्या मिक्सरमधून आलेली.

हे मुद्दाम लिहितोय. कारण पुढं मी त्याच मिक्सरशी भांडलो असं तू म्हणायचास. मी मिक्सरशी कधीच भांडलो नव्हतो.

*

कॉम्प्युटरचं खूळ माझं. पुण्याला एका ओळखीच्या माणसाकडं पाहून आलो. टेप नाही, कापाकापी नाही, चूक झाली तर मागं येता येतं. परत आल्यावर जेवण बाजूला ठेवून तुला सांगत बसलो. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "त्यात जीव न्हाई."

"जीव मिक्सरात नसतो, गाणाऱ्यात असतो," मी म्हणालो.

"मग मिक्सर कशाला आणला? पत्र्याचा डबा आणायचा हुता."

हे भांडण वर्षभर चाललं. गाणी होत होती, कॅसेटी निघत होत्या. एप्रिलात भीमगीतं, उरसाच्या आधी कव्वाल्या, मधल्या दिवसांत भजनी मंडळं, आणि दोन गाण्यांच्या मधे आपण भांडत होतो. तू म्हणायचास, कॉम्प्युटरचा आवाज थंड असतो, धुतलेल्या भांड्यासारखा. मी म्हणायचो, मग काय, खरकट्या भांड्यात वाढायचं? हसायचास. पण ऐकायचा नाहीस. एकदा मी सांगलीतल्याच एका दुकानातला कॉम्प्युटर आठवड्यासाठी मागून आणला. तू त्या खोलीत पाऊल टाकलं नाहीस. उंबऱ्यावर उभा राहून बघत राहिलास. मला वाटलं हट्ट. आता तुझा तो चेहरा आठवतो तेव्हा वाटतं, तो हट्ट नव्हता, ती भीती होती. पण भीती ओळखू यावी इतकं मी त्या दिवसांत तुझ्याकडं बघतच नव्हतो, माझं सगळं लक्ष पडद्यावर.

सुनंदाची बदली सातारला झाली आणि भांडण आपोआप मिटलं. म्हणजे मिटलं नाही, त्याचे दोन तुकडे झाले. मिक्सर तुझ्याकडं सांगलीला, कॉम्प्युटर माझ्याकडं सातारला. निघताना एका गाण्याचे आठही ट्रॅक, प्रत्येक वाद्याची वेगळी पट्टी, मी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घेतले. पाटणच्या त्या शाहिराचं गाणं, आपल्या दोघांच्याही आवडीचं. तू टेप लावून दिलीस आणि बाहेर जाऊन बसलास.

सातारला माझं बरं चाललं. पण खरं सांगू? एकट्यानं ते ट्रॅक एकमेकांत बसवून मिक्स करणं म्हणजे एकट्यानं जेवणं. पोट भरतं. गाणं संपलं की मी अजून मान वळवायचो, "कसं झालं रं?" विचारायला. मागं भिंत.

आणि ह्याच काळात तुझ्या कॅसेटींचा बोलबाला झाला. प्रवासी जीप मारणारे वडापवाले तर तुझ्यावर फिदा. जीपच्या टेपचं हेड धुळीनं झिजलेलं, त्यात कुठलीही कॅसेट घातली की गोधडीखालून गायल्यासारखी वाटायची. पण तुझी कॅसेट खणखणीत. झांज, टाळ, बाईचा आवाज, सगळं डांबरी सडक कापत जायचं. एकदा उंब्रजला वडापमध्ये बसलो असताना ड्रायव्हर मला म्हणाला, "ही सांगलीच्या यासीनभाईची कॅसेट. ह्येच्यासारखा वरचा आवाज कुनालाच काढता येत न्हाई." मलाही वाटलं, पोरानं कमाल केली. झिजलेली हेडं ओळखून मुद्दाम वरचा आवाज चढवतोय. घरी चांगल्या टेपवर लावली की दातांतून कळ यायची, पण मी म्हटलं, धंद्याची अक्कल आहे ही. तुला फोनवर तसं म्हणालोही. तू म्हणालास, "व्हय. आता लोकांना तसंच लागतंय."

*

मग ते प्लगइन आलं. पुण्याच्या माणसानं सीडीवर दिलं. कॉम्प्युटरमधल्या गाण्याच्या प्रोग्रॅमला जोडायची एक पुरवणी. जुन्या मिक्सरमधून जाताना आवाजाला जो किंचित जाडपणा येतो, जी ऊब चढते, ती गणितानं चढवायची. पडद्यावर मिक्सरचं चित्रच उघडायचं. खुंट्या, त्यांच्या सावल्या, हलणारी सुई. पाटणच्या शाहिराचं ते गाणं मी त्यातून काढलं आणि उडालोच. आपला मिक्सर! खालचा ढोल तसाच गोल, आवाजाची कड तशीच मऊ.

मला तुला हरवायचं होतं. त्याहून जास्त, मला यायला निमित्त हवं होतं. वर्षभरात आपण लग्नकार्यापुरते भेटलो होतो.

कॉम्प्युटरचा डबा गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला, मॉनिटर पायाशी, आणि एसटीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, "पावणं, ह्ये काय?" म्हटलं, "कॉम्प्युटर." त्यानं लगेजचं तिकीट फाडलं आणि सगळ्या गाडीला सांगितलं, पाय सांभाळा, कॉम्प्युटर हाय. इस्लामपूरपर्यंत लोक त्याच्याकडं तान्ह्या बाळाकडं बघावं तसं बघत होते.

तू पडदा बघितलास. बोट लावून एक खुंटी चाचपलीस. काचेवर तुझ्या बोटाचा ठसा उमटला.

"ह्यो मिक्सराचा फोटू हाय."

"आवाज ऐक आधी."

"फोटूतल्या भाकरीनं पोट भरतंय व्हय?"

पण बसलास. अब्बांच्या गादीकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ. अट तुझीच होती, कुठला आवाज कुठला हे न बघता ओळखणार. तेच गाणं, तेच स्पीकर. आधी तुझा मिक्स मिक्सरमधून लावला. मग माझा, कॉम्प्युटरमधून. माझ्यातली टेपची सळसळ मी आधीच पुसून काढली होती.

दोन्ही ऐकून झालं. मग दुसऱ्यावर बोट ठेवलंस. "ह्यो माझा. बेस बघ कसा बसलाय. पयला तुझ्या डबड्यातला."

मी जिंकलो होतो. तोंड उघडणार, इतक्यात दारात चहा घेऊन आलेल्या भाभी म्हणाल्या, "आवं, काय सांगतासा? पयला तुमचा. पयल्यात ती सूं सूं हाय की."

"कसली सूं सूं?" तू विचारलंस, काही माहीत नसल्यासारखं.

भाभी हसल्या. त्यांना वाटलं तू थट्टा करतोयस. "आपल्या मिशीनची. कायम असतीया."

"कवापास्नं?"

"मी ह्या घरात आले तवापास्नं."

तुझी पाठ माझ्याकडं होती. ती वळली नाही. मी मिक्सरची खुंटी वर नेली, गाणं नव्हतं, नुसती रिकामी टेप फिरत होती, आणि खोलीभर सळसळ भरली, पानांवर पाऊस पडावा तशी. भाभींनी तुझ्याकडं बघितलं, मी तुझ्याकडं बघितलं. तू विचारलंस, "लावलीस का?"

यासीन, मी खुंटी खाली घेतली. आणि तुला तेसुद्धा कळलं नाही.

भाभींनी चहा खाली ठेवला. "तरीच," एवढंच म्हणाल्या. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं की तू त्यांच्याकडं लक्ष देत नाहीस. नवऱ्यानं बायकोचं न ऐकणं हा आपल्याकडं कुणाला रोग वाटत नाही.

त्या आत गेल्यावर तू वळलास. "दोन-अडीच वर्सं झाली," म्हणालास. "एक दिवस सूं सूं थांबली. मला वाटलं, मिशीन सुधारली. लय खूश झालो. मग सकाळी ध्यानात आलं, पाखरं बी गप झाल्यात."

मिरजेच्या डॉक्टरला दाखवून आला होतास. त्यांनी सांगितलं होतं, वरच्या पट्टीतला आवाज गेला तो गेला, खालचा राहील, बोलणं ऐकू येईल. पैलवानाला सांगावं की एक पाय गेला पण चालता येईल, तसं.

मी विचारलं, "मग मिक्स कसं करतोस?"

तू डोळे मिटलेस आणि दोन्ही हात मिक्सरवर ठेवलेस. "हातानं. बाईचा आवाज हितं. पेटी हितं. टाळ हितनं हितपतूर. सात-आठ वर्सं ह्यो हात त्याच वाटंनं जातोय, त्येला ठावं हाय कुठं थांबायचं. पर मनाला पटत न्हाई रं. ऐकू येत न्हाई म्हटल्यावर भ्या वाटतं. मग जरा वर सारतो."

ती जरा वर सारलेली खुंटी. वडापवाल्यांचा तो खणखणीत आवाज. सगळं माझ्या डोळ्यांपुढं एका जागी आलं.

आणि मग तू पडद्याकडं, तुझ्या बोटाच्या ठशाकडं बघत म्हणालास, "तुझं बरोबर असंल. आवाज आला असंल त्यात मिक्सराचा. मला काय कळतंय? पर दिल्या, ह्या काचंवर मी हात कुठं ठिवू?"

एवढ्या भांडणात मी ऊब म्हणालो, तू जीव म्हणालास, मी गणित म्हणालो, तू फोटू म्हणालास. आणि खरी गोष्ट एवढीच होती. त्या प्लगइननं मिक्सरचा आवाज उचलला होता, पण तुझ्या हाताची जागा उचलली नव्हती. तुला आवाज नको होता. तुला अंधारात चाचपत जायला भिंत हवी होती.

मी कॉम्प्युटर बंद केला. म्हटलं, "रविवारी येतो."

*

ते रविवार माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले दिवस होते, हे तू जिवंत असताना मला बोलता आलं नाही. तू मिक्सरवर, मी तुझ्या शेजारी स्टुलावर. हात तुझे, वरचे कान माझे. बोट वर केलं की चढव, खाली केलं की उतरव. बाहेरच्या माणसाला वाटावं, दोघं मिळून काम करतात. गिऱ्हाईक समोर असलं की मी बोट मांडीवर ठेवून हलवायचो आणि तू नजर न वळवता ओळखायचास. कुणाला कधी शंका आली नाही.

एकदा मी म्हणालो, मशीन मिळतं कानाला लावायचं. तू म्हणालास, "कानाला मशीन लावलेला रेकॉर्डिस्ट म्हंजे चष्मा घालून पाखरू मारणारा." मी म्हणालो, "मारतात की." तू म्हणालास, "दिल्या, गप." हे भांडणही राहिलं.

मग जतहून बिराप्पा आला. मेंढपाळ. अर्धं मराठी, अर्धं कन्नड, बोलताना दोन्ही भाषा एकमेकींच्या अंगावर. धनगरी ओव्या म्हणणारा, ढोल आणि झांज घेऊन आलेले चौघे बरोबर. ती झांज! पितळी थाळीएवढी, वाजली की खोलीतल्या गाद्यांनासुद्धा शहारा यावा. मी तुझ्याकडं बघितलं. तू ढोलावर मान हलवत होतास. झांज वाजवणाऱ्याचे हात हलताना तुला गाणाऱ्यांच्या खोलीच्या काचेतून दिसत होते.

तू हळूच माझ्याकडं झुकलास. "झांज वाजतीय का रं, दिल्या?"

"वाजतीय," मी म्हणालो.

"लय?"

"लय."

तू सुईकडं बघत बसलास. प्रत्येक ठोक्याला सुई उडत होती. थोड्या वेळानं तू लहान पोरासारखा हसलास. "बघ की. नाचतीया."

बिराप्पाला तू फार आवडलास. ओव्या झाल्यावर तो मिक्सरपाशी येऊन उभा राहिला आणि तुझे हात बघत राहिला. म्हणाला, "अण्णा, तुमी ह्ये वाजीवतासा व्हय? मला वाटलं, गाणं आमीच म्हणतो." तू लाजलास. मी तुला एवढं लाजलेलं कधी पाहिलं नव्हतं.

एक सोडून त्याच्या सगळ्या ओव्या आपण मिक्स केल्या. शेवटची राहिली. तू म्हणालास, पुढच्या रविवारी.

*

शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी एका शाळेच्या गॅदरिंगची गाणी जोडत बसलो होतो. दुपारी जेवून चटईवर आडवा झालास आणि उठला नाहीस. छातीत दुखतंय असं सकाळी म्हणाला होतास, आणि मग म्हणाला होतास, काल सामान उचललं म्हणून असेल.

कब्रस्तानात मी मागं उभा होतो. तुझ्या मामेभावानं हाताला धरून पुढं आणलं. म्हणाला, "तुमी आधी." मी तीन मुठी माती टाकली. खाली पडताना मातीचा जो आवाज होतो तो खालच्या पट्टीतला असतो. माझ्या मनात आलं, हा तुला ऐकू आला असता. असले विचार त्या वेळी येतात. लाज वाटते, पण येतात.

परतताना मी एकटाच नदीच्या बाजूनं चालत स्टँडपर्यंत आलो. तिन्हीसांज होती आणि पुलाजवळच्या झाडांत पाखरांचा नुसता कालवा. मी थांबलो. जाणारे-येणारे माझ्याकडं बघत होते, हा माणूस झाडाकडं बघून का रडतोय म्हणून.

आता सगळ्यात अवघड भाग.

भाभींची परवानगी घेऊन पुढचे रविवार मी तुझ्या खोलीत काढले. बिराप्पाची शेवटची ओवी राहिली होती. मला ती तुझ्या मिक्सरवरच करायची होती. मनात पक्कं होतं. तुझ्या खुर्चीत बसलो, तुझ्या खुंट्या होत्या तिथंच ठेवल्या, आणि टेप लावली. नाही जमलं. झांज अंगावर यायची, ढोल मागं जायचा, बिराप्पाचा आवाज मधेच कुठंतरी अडकायचा. एक सुधारलं की दुसरं बिघडायचं. तुझे हात एकाच वेळी चार गोष्टी करायचे, हे मी शेजारी बसून कधी पाहिलंच नव्हतं. मी फक्त ऐकत होतो. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा बसलो. पुन्हा तेच. अम्मी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बेटा, ते मिशीन त्याचंच ऐकायचं."

शेवटी ट्रॅक कॉम्प्युटरमध्ये उतरवून सातारला नेले. ते प्लगइन उघडलं. आधी तुझ्यासारखं करायला गेलो, तेही नाही झालं. मग सगळं सोडून दिलं आणि माझ्या कानाला जे बरोबर वाटलं ते केलं. यासीन, ती ओवी सुंदर झाली. ढोल जमिनीतून आल्यासारखा, झांज झगमगती पण बोचत नाही, आणि बिराप्पाचा आवाज माळावर उभं राहून ऐकावा तसा. आजवर मी केलेलं सगळ्यात चांगलं काम. ऐकून झालं आणि मी मान वळवली. मागं भिंत.

भांडण मी जिंकलोय, गड्या. खरंच जिंकलोय. पण तू उलटून काही बोलल्याशिवाय ते जिंकल्यासारखं वाटेना.

परवा बिराप्पा कॅसेट न्यायला आला. जतला बातमी पोचली नव्हती. मी सांगलीतच होतो. त्यानं खोलीत डोकावून विचारलं, "मिक्सरावरचं पावणं कुठं हायती?"

"गेला," मी म्हणालो.

"कवा येनार?"

"गेला, अण्णा."

त्याला कळलं. पटका काढून त्यानं मांडीवर घेतला आणि फरशीवर बसला. खुर्ची दिली तर नको म्हणाला. मी सातारहून आणलेली कॅसेट घातली आणि ती शेवटची ओवी लावली. डोळे मिटून त्यानं सगळी ऐकली, एक बोट गुडघ्यावर ढोलाबरोबर चालत होतं. संपल्यावर त्यानं डोळे उघडले. मग मिक्सरकडं बघून म्हणाला, "ह्यात त्येंचा हात हाय."

मी काय सांगणार होतो? की ह्यात त्यांचा हात नाही, ह्यात एक सीडी आहे आणि मी आहे?

"व्हय," मी म्हणालो. "त्याचाच."

तो उठला. कॅसेट पटक्यात गुंडाळली, मिक्सरला हात लावून नमस्कार केला आणि जतची गाडी धरायला निघाला. मी दारापर्यंत गेलो. तो गल्लीच्या वळणाशी पोचला तरी मी तिथंच उभा होतो. तू असतास तर आतून ओरडला असतास, "बिराप्पा, खोटं बोलतोय त्यो! त्या डबड्यातलं हाय ते!" मी त्याची वाट बघत होतो. बराच वेळ बघितली.